काय झालं मंग तुह्या फारमाचं?

ज्यांच्यामुळे आपलं अडलेलं काम झालं, त्यांना ‘झालं बरं का’ एवढं तरी आपण कधी कळवतो का? एक पोस्टकार्ड, चार ओळी आणि राहून गेलेल्या निरोपाबद्दल...

तुमच्याही आयुष्यात अशी एक रात्र असेलच. फॉर्मची शेवटची तारीख. बाराच्या आत सबमिट करायचाय आणि काहीच धड होत नाहीये.

मी अनसिंगचा. वाशिमहून पुसदला जाताना रस्त्यात लागतं ते अनसिंग. बारावीनंतर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता आणि मला जाग आली ती अर्थातच शेवटच्या दिवशी. उत्पन्नाचा दाखला त्याच दुपारी हातात पडलेला. वेबसाइट उघडत नव्हती. उघडली की ओटीपी येत नव्हता. ओटीपी आला की लाइट जात होती. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात मी संध्याकाळी सहापासून ठाण मांडून बसलो होतो. दुकानवाले भाऊ रोज साडेआठला शटर ओढायचे. त्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले. घरून दोनदा फोन आला, जेवायला या म्हणून. भाऊंनी शटर अर्धं खाली ओढलं, कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर ठेवला आणि डोक्यावरचा पंखा बंद केला. बॅटरी पुरली पाहिजे ना! आम्ही दोघं घामानं निथळत स्क्रीनकडे बघत बसलो. साडेअकरानंतर कधीतरी फॉर्म गेला एकदाचा.

‘भाऊ, किती झाले?’

‘वीस रुपये दे. प्रिंटचे.’

मी वीस रुपये दिले आणि सायकल मारत घरी गेलो.

स्कॉलरशिप मिळाली. पहिल्या वर्षाची फी भागली. मी अमरावतीला शिकायला गेलो. दिवाळीला गावी यायचो, उन्हाळ्यात यायचो, त्या दुकानावरून दहादा जायचो. दरवेळी घाई. दोन वर्षांनी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आत शिरलो. भाऊंनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि विचारलं,

‘काय झालं मंग तुह्या फारमाचं?’

दोन वर्षं! रोज शंभर जणांचे कागद ज्याच्या हातून जातात त्या माणसाला माझा फॉर्म आठवत होता. मी म्हणालो, ‘मिळाली ना भाऊ. तवाच मिळाली.’ ते म्हणाले, ‘हो का? बरं झालं.’ आणि मशीनचं झाकण लावून झेरॉक्स काढायला लागले. रागावले नाहीत, टोमणा मारला नाही. म्हणूनच जास्त लागलं.

त्यांना नेमकं काय हवं होतं?

त्या दिवशी घरी येऊन मी विचार केला, भाऊंना माझ्याकडून काय हवं होतं? पैसे? मागायचे असते तर तेव्हाच मागितले असते. ‘थँक्यू’? ते तर मी घाईघाईत म्हणालोही असेन. त्यांना एवढंच माहीत करून घ्यायचं होतं, की त्या रात्री पंखा बंद करून बसलो, त्याचं पुढे काय झालं.

आता तुम्ही तुमच्याकडे बघा. दहावीला ज्या मॅडमनी सुट्टीत बोलावून गणित शिकवलं, त्यांना तुमचा इंजिनीअरिंगचा नंबर लागल्याचं कळलंय का? ज्या सीनियरनं नोट्सचा अख्खा गठ्ठा दिला, त्याला तुमचा रिझल्ट कुणी सांगितला? एसटी सुटत असताना ज्या कंडक्टरनं तुम्हाला धावताना बघून घंटी मारली आणि गाडी थांबवली, त्या दिवशी तुमची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, हे त्याला माहितीय? मेसच्या ज्या काकूंनी तुम्हाला कावीळ झाली तेव्हा महिनाभर वेगळी बिनतेलाची भाजी केली, त्यांना तुमची तब्येत नंतर कशी आहे, हे कोण सांगणार?

आपल्याकडे गोष्टीचा शेवट असतो. त्यांच्याकडे अर्धीच गोष्ट असते.

आणि खेड्यापाड्यातलं शिक्षण अशा अर्ध्या गोष्टींवरच चालतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. कुणीतरी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवतं, कुणी दाखल्यासाठी तुमच्याबरोबर तहसीलला येतं, कुणी खोलीवर चार दिवस राहू देतं. याचा पगार कुणालाच मिळत नाही. वर्षानुवर्षं पोरं येतात, काम करून घेतात, निघून जातात आणि पुढचं काहीच कळत नाही. मग एखाद्या वर्षी त्या माणसाला वाटतं, जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय! आणि तो साडेआठला शटर ओढतो. त्यात त्याची काही चूक नाही. पण त्या रात्री दुकानाच्या पायरीवर उत्पन्नाचा दाखला घेऊन जे पोरगं उभं असेल, त्याचं वर्ष वाया जाईल. तुमच्या न लिहिलेल्या चार ओळींची किंमत कुठेतरी ते पोरगं भरतं.

आभार? आपल्याच माणसाचे?

आता यावर तुमचा पहिला आक्षेप मला माहितीय. ‘आपल्यात कुणी थँक्यू म्हणतं का?’

खरंय. कॉलेजचा एखादा कार्यक्रम आठवा. पाहुण्यांचं भाषण संपतं. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणते, ‘आता आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करते...’ आणि पुढचं नाव ऐकूच येत नाही, कारण अर्ध्या खुर्च्या सरकलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीची शेवटची ओळही तीच, आभार अमुक तमुक यांनी मानले. मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून होतात आणि ऐकायला त्यातला एकही जण जागेवर नसतो.

घरात तर विचारूच नका. आईला ‘धन्यवाद’ म्हणून बघा. ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. मित्राला म्हणालात तर तो म्हणेल, ‘काऊन बे, परका झाला का?’ जवळच्या माणसाचे आभार मानणं म्हणजे हिशेब चुकता करून मोकळं होणं, असं आपल्याला वाटतं. त्यातून ‘धन्यवाद’ हा शब्द स्टेजवरचा, तोंडात बसतच नाही. ‘थँक्स’ ग्रुपवर टाकायला. मनातून जे वाटतं ते ‘लय बरं झालं भाऊ’ एवढ्यावर भागतं.

पण म्हणून आपल्याला जाणीव दाखवता येत नाही असं थोडंच आहे? पोळा आठवा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. जू वाहून वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यावर हळद आणि तूप चोळतात आणि त्याला चक्क तोंडानं सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ शिंगं रंगवणं, झूल घालणं, गावातून मिरवणं, पुरणपोळीचा घास हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी हात जातो तो खांद्यावर. ओझं जिथे बसलं, नेमका तिथेच.

मला वाटतं, आभाराचं पत्र लिहायची यापेक्षा चांगली रीत नाही. मोठमोठे शब्द लागत नाहीत. त्या माणसानं आपल्यासाठी नेमकं काय सोसलं तेवढं ओळखून लिहायचं. मी भाऊंना ‘आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही’ असं लिहिलं असतं तर त्यांना ते लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखं वाटलं असतं. ‘तुम्ही पंखा बंद केला होता’ हे मात्र फक्त त्यांचं आणि माझं.

‘त्यांना काय वाटेल?’

दुसरा आक्षेप यापेक्षा मोठा आहे आणि तो आपण बोलून दाखवत नाही. लाज वाटते. इतक्या दिवसांनी लिहिलं तर त्यांना विचित्र नाही का वाटणार? काहीतरी काम असेल म्हणून लिहितोय असं वाटलं तर? आपल्याला नीट लिहिता आलं नाही तर?

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या याच भीतीचा अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना सांगितलं, ज्यांचे तुम्ही ऋणी आहात अशा कुणाला तरी पत्र लिहा. मग विचारलं, पत्र वाचून समोरच्याला काय वाटेल, अंदाज सांगा. आणि नंतर पत्र मिळालेल्यांनाच विचारलं, खरंच काय वाटलं?

दोन्हीकडची उत्तरं जुळलीच नाहीत. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात वाचणारे सरासरीनं तितके अवघडले नव्हते. उलट आनंद आणि आश्चर्य लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होतं. आणखी एक गंमत. लिहिणारे शब्दांचीच काळजी करत बसले होते, बरोबर लिहिलंय ना, नीट जमलंय ना? वाचणाऱ्यांचं तिकडे फारसं लक्षच नव्हतं. त्यांनी पाहिली ती आपुलकी.

म्हणजे आपण ज्या भीतीपायी वर्षानुवर्षं लिहीत नाही, ती भीतीच चुकीची आहे. आपल्या डोक्यात मराठीचा पेपर तपासणाऱ्या सर बसलेले असतात. पत्र उघडणाऱ्याच्या हातात लाल पेन नसतो.

खरं तर पत्र लिहायची आपली सवय पेपरानंच बिघडवली. शाळेत आपण सगळ्यांनी पत्रं लिहिलीत. ‘अ. ब. क.’ या नावानं, अस्तित्वात नसलेल्या थोरल्या भावाला, अस्तित्वात नसलेल्या बक्षिसाबद्दल. पत्ता डावीकडे की उजवीकडे याला अर्धा मार्क. ज्या माणसानं खरंच काही केलं, त्याला एकही पत्र आपण लिहिलं नाही.

व्हॉट्सॲप आहे की!

आहे ना. आणि मेसेज वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातली पत्रंही ईमेलनंच गेली होती. काहीच न कळवण्यापेक्षा मेसेज शंभर पट बरा.

पण तुमच्या मेसेजचं पुढे काय होतं ते बघा. भाऊंच्या फोनमध्ये सकाळपासून चाळीस ‘शुभ सकाळ’, गुलाबाची फुलं, सोयाबीनचे आजचे भाव आणि हळदीचा व्हिडिओ येऊन पडलेला असतो. त्यात तुमच्या चार ओळी. त्यांनी वाचल्या, अंगठा दाखवला, संपलं. मेमरी फुल झाली की पुतण्या सगळं साफ करून देतो. त्यात तुमच्या ओळीही जातात.

कागदाचं तसं होत नाही. तो टेबलाच्या काचेखाली जातो, देव्हाऱ्यातल्या पोथीत जातो, बँकेच्या पासबुकात जातो. आपल्या आजीच्या ट्रंकेत काय काय निघतं ते आठवा. शिवाय हातानं लिहिलेलं कॉपी-पेस्ट करता येत नाही. ते पाहिल्याबरोबर कळतं, या पोरानं दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून फक्त माझा विचार केला. आणि त्याला ब्ल्यू टिक नसते. समोरच्यावर लगेच उत्तर द्यायचं ओझं पडत नाही.

हाताच्या अक्षराची ही ताकद बाजारानं आपल्याआधी ओळखलीय. १९९५ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, ब्रूस रिंड आणि प्रशांत बोर्डिया यांनी, एका रेस्टॉरंटमध्ये साधा प्रयोग केला. वेट्रेसनं काही बिलांच्या मागे स्वतःच्या हातानं ‘थँक यू’ लिहायचं, काहींवर नाही. जिथे लिहिलं तिथे टिप जास्त मिळाली. आता तर ऑनलाइन मागवलेल्या टी-शर्टच्या पाकिटातही हाताच्या अक्षरासारखं दिसणारं छापील कार्ड निघतं, आणि खाली पाच स्टारची विनंती! म्हणजे जो आपल्याला ओळखत नाही तो हातानं लिहिल्याचं सोंग करतोय, आणि आपण ज्यांना ओळखतो त्यांना स्टिकर पाठवतोय.

तुम्ही ज्यांची वाक्यं स्टेटसला टाकता ना, त्या व. पु. काळे यांचं ‘प्लेझर बॉक्स’ हे पुस्तक माहितीय? ते उभं राहिलंय वाचकांच्या पत्रांवर. एवढा लोकप्रिय लेखक, रोज कौतुक ऐकणारा. तरी अनोळखी वाचकांनी पाठवलेली पत्रं त्यांना जपून ठेवावीशी वाटली. ज्याचं कौतुक कधीच कुणी केलं नाही, त्याला एक कार्ड मिळालं तर काय वाटेल?

अक्षर वाईट आहे? गांधीजींचंही होतं!

तिसरा आक्षेप. ‘माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!’

आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये, १९३६ पासून राहिलेल्या एका माणसाचं अक्षर असंच होतं. महात्मा गांधींनी आत्मचरित्रात कबुली दिलीय, की लहानपणी अक्षराकडे दुर्लक्ष केलं आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत इतरांचं मोत्यासारखं अक्षर बघून लाज वाटली. पण म्हणून ते लिहायचे थांबले का? उजवा हात दुखायला लागला की डाव्या हातानं लिहायचे! त्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड झालेत आणि त्यातला मोठा भाग पत्रांचाच आहे. कुणाच्या तब्येतीची चौकशी, कुणाला चार ओळींचा धीर. ज्यांना ती पत्रं आली त्यांनी जपली, म्हणून तर खंड झाले.

बरं, पत्त्याचं अक्षर लागलं नाही तर काय, याची सोय एका मराठी माणसानं आधीच करून ठेवलीय. पत्त्यातलं किचाट अक्षर, वेगवेगळ्या भाषा, एकाच नावाची दहा गावं, यातून वाट काढायला सहा आकडी पिन कोड आला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. त्यामागे होते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते! आपल्याकडचे पिन ४४४ नं सुरू होतात. त्यातला पहिला ४ महाराष्ट्राकडच्या विभागाचा आणि ४४ म्हणजे विदर्भ. तेवढे सहा आकडे नीट लिहा, बाकी पोस्टमनकाका बघून घेतात. खेड्यात तर नाव आणि आळी लिहिली तरी पुरतं.

खर्च? पोस्टकार्ड पन्नास पैशाला. पन्नास पैशाचं नाणं तुमच्याकडे असणार नाही, म्हणून रुपयाला दोन घ्या. म्हणजे आपोआप दोन माणसं आठवतील. हे कार्ड भारतात सुरू झालं १ जुलै १८७९ ला, तेव्हा किंमत होती पाव आणा. (आपला वाशिम जिल्हाही अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलैलाच, १९९८ साली. जीके म्हणून लक्षात ठेवा.) कार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचू शकतं. आभाराला त्याचा फायदाच. भाऊंच्या आधी अख्ख्या पोस्टाला कळतं, यांनी काय केलं ते. पण मजकूर खासगी असेल, घरातलं दुखणं, पैशाची अडचण, तर अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र घ्या.

चार ओळी कशा लिहायच्या?

सोपं आहे. प्रत्येक ओळीचं एक काम.

पहिली ओळ: मी कोण. तुम्हाला ते आठवतात, त्यांना तुम्ही आठवालच असं नाही.
दुसरी: तुम्ही काय केलं. दिवस, जागा, एखादी बारीक गोष्ट. हाच तो खांदा.
तिसरी: त्याचं पुढे काय झालं. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि हीच आपण विसरतो.
चौथी: आता मी कुठे आहे, कसा आहे. संपलं.

मी भाऊंना लिहिलेलं कार्ड असं होतं:

‘ती. भाऊंना सा. नमस्कार. मी तोच, शेवटच्या तारखेला रात्री साडेअकरापर्यंत तुमच्या दुकानात बसलेला. बॅटरी पुरावी म्हणून तुम्ही पंखा बंद केला होता आणि घरून दोनदा फोन येऊनही जेवायला गेला नव्हता. तो फॉर्म मंजूर झाला, पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरली, नाहीतर बाबांना त्या वर्षी तूर निघायच्या आधीच उसनवारी करावी लागली असती. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, सगळे विषय सुटलेत. हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं.’

बस. ‘धन्यवाद’ हा शब्द कुठेही नाही. गरजच पडली नाही.

दोन-तीन पथ्यं मात्र पाळा. त्याच पत्रात नवीन काम सांगू नका. ‘आणि हो, तुमची कुणाशी ओळख असेल तर...’ असं लिहिलंत की आधीच्या चारही ओळी पाण्यात गेल्या. दुसरं, पत्राचा फोटो काढून स्टोरीला टाकू नका. ते ज्याचं आहे त्याला आधी मिळू दे. त्याला दाखवायचं तर तो दाखवेल. तिसरं, उत्तराची वाट बघू नका. उत्तर येईलच असं नाही, आणि नाही आलं म्हणजे आवडलं नाही असंही नाही.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? पहाटे चारला उठून ज्या आईनं तुमचा डबा भरला, ती कदाचित शाळेतच गेली नसेल. तिला वाचून दाखवा. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना हेच करायला सांगितलं होतं. ज्याचे आभार नीट मानायचे राहिले त्याला पत्र लिहा आणि स्वतः नेऊन द्या. असं करणारी माणसं पुढे महिनाभर आधीपेक्षा जास्त आनंदी होती. म्हणजे वाचून दाखवताना तुमचा गळा दाटून आला तर येऊ द्या, फायद्याचंच आहे.

कुणाला लिहायचं हे सुचत नसेल तर फार लांब जाऊ नका. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात ज्या गावानं तुम्हाला भाकरी आणि अंगण दिलं, त्या गावातल्या एका घराला लिहा. लॅबमध्ये फुटलेल्या बीकरबद्दल गप्प बसलेल्या शिपाईकाकांना लिहा. परीक्षेच्या काळात रात्री लाइट बंद न करता तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेल्या रूममेटला लिहा. आणि ही सगळी कार्डं उन्हातान्हात घरोघर पोचवणाऱ्या पोस्टमनलाही एक लिहा. दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात त्याचं आयुष्य जातं. त्याच्या नावाचं एखादं पत्र कधी येतं का?

एक राहिलं

भाऊंना कार्ड टाकल्यावर मी एक यादी केली. सात नावं निघाली. सहा जणांना लिहिलं.

सातवे होते आमच्या आळीतले एक निवृत्त गुरुजी. आठवी-नववीत संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून ते मला इंग्रजी शिकवायचे. फी नाही, काही नाही. रोज पेपरातली एक बातमी वाचायला लावायचे आणि चुकलं की फक्त ‘परत’ म्हणायचे. आज मी इंग्रजीतून शिकतोय ते त्या ओट्यामुळे. त्यांना मोठं पत्र लिहायचं होतं, इंग्रजीतून, एकही चूक न करता. म्हणून ते शेवटी ठेवलं. परीक्षा संपू दे, मग निवांत लिहू, असं म्हणत राहिलो.

परीक्षा संपायच्या आधी घरून फोन आला. गुरुजी गेले.

ते पत्र माझ्या वहीत अजून अर्धंच आहे. चुका आहेत त्यात. आता वाटतं, चुकांसकट पाठवलं असतं तर गुरुजींनी काय केलं असतं? लाल पेन काढला असता, खुणा केल्या असत्या आणि खाली लिहिलं असतं, ‘परत’. मला तेवढंच हवं होतं.

म्हणून सांगतो, चांगलं लिहायची वाट बघू नका. साधं लिहा, पण आज लिहा.

भाऊंचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. त्यांचं उत्तर आलं नाही, फोनही आला नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा दुकानात डोकावलो. भाऊ कुणाचा तरी फॉर्म भरत होते. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. कार्डाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी काउंटरला टेकून उभा राहिलो आणि खाली लक्ष गेलं. काचेखाली, पासपोर्ट फोटोच्या नमुन्यांशेजारी, माझं कार्ड होतं. लॅमिनेशन केलेलं.

समोर बसलेली मुलगी रडवेली झाली होती. दाखला मिळायला उशीर झाला होता, तारीख उद्याची होती. भाऊ तिला म्हणाले, ‘टेन्शन नोको घेऊ. होते. मी हाय दुकानात.’

रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते.